लुमाजीचा पंचा

लहानपणी मी एक आवाज ऐकला आहे. मोठ्या मडक्यात भात रटरटावा तसा. तो आमच्या तळेकोंडच्या उन्हाळ्याचा आवाज. गरम पाण्याच्या झऱ्याला आमच्याकडे उन्हाळं म्हणतात. माझा बाप म्हणायचा, खाली लुमाजी बसलाय, त्याचा हा श्वास.

लुमाजीच्या गोष्टीला फार वर्षं झाली. खाडीवर पूल नव्हता, गावात वैद्य नव्हता. झऱ्याखालच्या कुंडाची राखण लुमाजी करायचा. कोपर बुडवून तो पाणी जोखायचा. गुडघे धरलेली माणसं यायची, कंबर मोडलेली यायची, लावणीनं बोटं वाकडी झालेल्या बाया यायच्या. ताप असेल त्याला तो परत पाठवायचा. भरल्या पोटी कुणाला उतरू द्यायचा नाही. तो सांगायचा, पाणी तुमच्या अंगाचं ओझं स्वतःवर घेतं, म्हणून आखडलेले सांधे सुटतात, रात्री झोप लागते. पण पाणी गोड बोलणारं आहे. ते उठू देत नाही. फार वेळ बसलं की डोकं गरगरतं आणि काळीज थकतं.

मग उठायचं कधी? घड्याळ तर कुणाकडेच नव्हतं. लुमाजी आपला पंचा भिजवायचा, पिळायचा आणि काळ्या कातळावर पसरायचा. पंचा वाळला की माणूस बाहेर. पावसाळ्यात तो कुंड बंदच ठेवायचा. त्या पंच्यानं कितीतरी माणसं चालती केली, असं म्हणतात.

पलीकडच्या वाडीत धाकू तांडेल होता. होडी वल्हवून वल्हवून त्याची पाठ धरली होती. माघ महिन्यात एका सकाळी तो कुंडावर आला. बरोबर त्याची बायको येसू होती. लख्ख ऊन होतं. लुमाजीनं धाकूला पाण्यात बसवलं, पंचा पसरला आणि वाळला की ऊठ म्हणून बजावलं. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. एका अधू म्हातारीला होडीतून उतरवायचं होतं. लुमाजी गेला.

तो गेला आणि खाडीवरून धुकं चढलं. ऊन पार झाकलं. कातळ गार झाला.

थोड्या वेळानं धाकूनं विचारलं, "अगं, बघ, वाळला का?"

येसूनं हात लावला. "ओला आहे. बसा अजून."

"हा पंचा लुमाजीपेक्षा आळशी दिसतो."

"होडीत दिवसभर बसता तेव्हा नाही कंटाळा येत."

दोघं हसली. मग धाकूनं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा हात लावला. ओलाच. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, तिनंच आपणहून लावून बघितला आणि त्याला ओला आहे म्हणून सांगितलं. धाकू काही बोलला नाही. डोळा लागला असेल, असं तिला वाटलं.

लुमाजी म्हातारीला पाठीवर घेऊन आला तेव्हा धाकूची मान काठावर कलली होती. त्यानं त्याला ओढून बाहेर काढलं. छाती चोळली, हाका मारल्या. पंचा अजून ओलाच होता.

येसू रडली नाही. तिनं लुमाजीला बोल लावला नाही. माणसं बोलावून मढं होडीत घातलं आणि गेली.

त्यानंतर तेरा दिवस कुंड निवलेलं होतं, असं म्हणतात. पाणी पुन्हा तापलं, पण माणसं येईनाशी झाली. आणि लुमाजीचा पंचा वाळेना. वैशाखाच्या उन्हात घातला तरी त्यातून थेंब गळायचे. बारा वर्षं गळले. लुमाजीला कुणाकडून काही नको होतं. येसूनं एकदा तोंडावर शिवी द्यावी, नाहीतर जाऊ दे म्हणावं, एवढंच. तो वाट बघत बसायचा. तिनं तो पंचा तीनदा हातानं चाचपला होता आणि तीनदा ओला आहे म्हणून सांगितलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांनी येसू आली. भावानं तिला पाठुंगळी घेऊन आणली होती. तिचे दोन्ही गुडघे सुजून धरले होते, पाऊल टेकवत नव्हतं.

लुमाजी म्हणाला, "वहिनी, माझ्यानं होणार नाही. मला आता पाण्याचा भरवसा वाटत नाही."

येसू म्हणाली, "पंचा नको, दादा. तू उतर. तुझ्या जिवाला सोसेल तेवढंच मी बसेन."

मग तो समोरच्या पायरीवर पाण्यात बसला. स्वतःच्या कानशिलातलं रक्त ठणकायला लागलं की विचारायचा, "उठायचं, वहिनी?" ती उठायची. असे एकवीस दिवस गेले. धाकूचं नाव दोघांनीही काढलं नाही.

ते ऐकून इतर माणसं परत येऊ लागली. लुमाजी प्रत्येकाबरोबर पाण्यात उतरायचा, दिवसाला दहा दहा वेळा. त्याचं अंग मिठासारखं झिजत गेलं. एका सकाळी कुंडावर तो नव्हताच. काठावर पंचा होता, ओला. लुमाजी पाण्यात विरला, असं म्हणतात.

आजही आमच्या कुंडात आजारी माणूस एकटा उतरत नाही. एक धडधाकट माणूस बरोबर बसतो आणि त्याला बसवेनासं झालं की दोघं उठतात. बरोबर बसेल त्याला त्या दिवसापुरतं लुमाजी म्हणायचं, मग ती बाई का असेना. सुना सासूला विचारतात, आज तुमचा लुमाजी कोण? कुंडाजवळ कपडा मात्र कुणी वाळत घालत नाही.

येसूच्या कुंडावरच्या शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. एकविसाव्या दिवशी तिचे आखडलेले गुडघे सुटले. भाऊ पुढे झाला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. एकेक पायरी स्वतः चढली. वर जाऊन पदर पिळला. लुमाजी कमरेएवढ्या पाण्यात तिच्याकडे बघत उभा होता. आता तरी ती काही बोलेल, बरं नाहीतर वाईट, असं त्याला वाटलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग ती वळली आणि काही न बोलता धक्क्याच्या वाटेनं चालत गेली.