संकासुराची हाक

“मग चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा आबा.”

सर्वेश धुरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. गाणी संपून बराच वेळ झाला होता. त्याने पुण्याहून आणलेला स्पीकर पडवीत दोघांच्या मध्ये गप्प बसला होता.

आबा घोगळे कोकमाचे रातांबे फोडत होते. त्यांनी एक बी तोंडात टाकली, चोखली, अंगणात थुंकली.

“चुकला असा कोण म्हणता?”

“सगळेच.”

“सगळे म्हणजे?”



आबा म्हणजे दशावतारी नाटकातला नावाजलेला संकासूर. वेद चोरणारा राक्षस. अंगावर काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. आबा रंगमंचावर आले की पोरं आयांच्या पदरात घुसायची, आणि आबांनी मालवणीत पहिला शब्द उच्चारला की तीच पोरं पदरातून डोकं बाहेर काढून हसायची. आता गुडघे गेले होते, पण आवाज तसाच होता. कुडाळच्या आसपास अजून कुठे काळा संकासूर उभा राहिला, की लोक म्हणत, बरा करतो, पण आबा ते आबा.

सर्वेश शाळेत असताना त्यांच्याकडेच शिकला. पुढे पुण्याला गेला आणि ब्लॅक मेटलच्या नादाला लागला. तिथेही काळे कपडे, तोंडाला पांढरी राख, करवतीसारख्या गिटारी आणि घसा फाडून काढलेला आवाज. त्याच्या बँडचं नाव ‘अवसर’. अंगात येतं ना, तो अवसर. पहिल्या अल्बमने त्यांचं नाव झालं. दुसरा त्याने हट्टाने मालवणीत केला. पखवाज घेतला, झांज घेतली, आबांचा संकासूर घेतला. लोक वाट बघत होते.

आणि अल्बम पडला. मेटलवाले म्हणाले, जोर गेला. गावातली मुलं म्हणाली, शब्दच कळत नाहीत. एकाने लिहिलं, ‘यातली मालवणी वरून पेरलेल्या कोथिंबिरीसारखी आहे.’ ते वाक्य सर्वेशला काट्यासारखं रुतलं होतं. आबा म्हणतील, लोकांना अक्कल नाही... एवढं ऐकायलाच तो आला होता.

“पखवाज बरो आसा,” आबा म्हणाले. “आणि ती गिटार... उधाणाचो दर्या खडकार आपटता तशी. माका आवाडली.”

“खरंच?”

“खोटा कित्याक बोलू? पण चौथ्या गाण्यात शेवटाक तू काय वरडतस? ता माका समजूक नाय.”

“तिथे संकासुरावर शेवटचा घाव पडतो. मरताना तो आईला हाक मारतो. ‘धाव गे आये!’ नाटकात नाही ते. मी घातलं.”

आबांचा सुरीचा हात थांबला.

“परत सांग.”

“धाव गे आये.”

आबांनी सुरी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “इतकी वर्सा मी संकासूर होवन मेलंय. पण आवशीक हाक मारूची, ह्या माका कधी सुचूक नाय.”

सर्वेशला भरून आलं. शिकत होता तेव्हा आबांनी त्याला कधी बरा म्हटलं नव्हतं. फार तर मान हलवायचे.

“वरड बघू,” आबा म्हणाले.

“इथे?”

“हयच. खळ्यात जा.”

“आबा, माइक नाही. मागे गिटार लागते, ड्रम लागतात. नुसता तो आवाज म्हणजे...”

“गळो आसा मां?”

सर्वेश खळ्यात, पुढच्या अंगणात उतरला. स्टुडिओत हीच हाक त्याने एकावर एक चढवून भरली होती, वर गिटारींचं छप्पर घातलं होतं. इथे वर नुसतं आभाळ होतं. त्याने डोळे मिटले, पोटात श्वास भरला आणि घसा मोकळा सोडला.

“धाव गे आयेऽऽऽ!”

माडावरचे कावळे उठले. हाक समोरच्या डोंगराला लागून परत आली. शब्द न् शब्द स्वच्छ.

आणि दगडी गडग्यापलीकडून कोणीतरी धावत येताना ऐकू आलं.

शेजारची सुलोचना काकी. हात मासळीच्या खवल्यांनी भरलेले, पाय अनवाणी, पदर काट्याला अडकून फाटलेला. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात लुगड्याची चिंधी. तिने दांडा टाकला आणि सर्वेशच्या पुढ्यात खाली बसली.

“पान लागला? खंय चावला? खंयचो पाय?”

ती त्याच्या पोटऱ्या, घोटे, बोटं चाचपू लागली. तिने चिंधी त्याच्या गुडघ्याखाली गुंडाळायला घेतली.

सर्वेश पाय मागे घेऊ लागला. “काकी, नको... अगं, साप नाही...”

तिला ऐकूच येत नव्हतं. “हलव नको! वीख चढात!”

“काय चावूक नाय गे काकी!” सर्वेशच्या तोंडून निघालं. “मी गाणा म्हणा होतंय.”

काकीने वर बघितलं. ते लांब केस, ती दाढी... तिने त्याला ओळखलंच नव्हतं.

“कोणाचो रे तू?”

“सर्वेश. धुऱ्यांचो.”

“आणि ह्या गाणा?”

“होय.”

“मेल्या,” ती म्हणाली, “माझ्या जिवाचा पाणी झाला.” तिला रडू येत होतं की हसू, ते तिचं तिलाच कळेना. ती कशीबशी पायरीपर्यंत गेली आणि छातीवर हात ठेवून बसून राहिली. श्वास काही खाली बसेना.

सर्वेश खळ्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या पावलांवर मासळीची खवलं चिकटली होती. त्याने ती पुसली नाहीत.



“आबा,” शेवटी तो म्हणाला. आवाज बसला होता. “आता मी काय करू?”

आबांनी पुढचा रातांबा उचलला.

“आधी तिका पाणी दी.”