तान्हूबाईच्या गोवऱ्या

“...पण अण्णा, चेहऱ्याकडं बघा की! खाली काय बघताय?”

शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं. वेशीजवळच्या भिंतीवर त्यानं गावातल्या सात कष्टकरी बाया रंगवल्या होत्या. उद्या उद्घाटन. पाट्या रंगवून म्हातारे झालेले अण्णा त्याचे गुरू. त्यांनी एकदा ‘छान’ म्हणावं, एवढ्यासाठी पठ्ठ्या सकाळपासून ताटकळला होता.

अण्णांची नजर भिंतीच्या पायथ्याशी पडलेल्या शेणाच्या चुऱ्यावरच...

मधलं चित्र तान्हूबाईचं. जन्मभर गावाला दूध घातलं बाईनं, गेल्या हिवाळ्यात वारली. तिचा एकही फोटो नव्हता. शार्दूलनं दहा जणांना विचारून चेहरा काढला आणि हुबेहूब उतरवला, हे खरंच. ऐट मात्र जरा जास्तच चढली होती गड्याला.

तेवढ्यात तान्हूबाईची लेक आली, पारू. पदर तोंडाशी धरून बघत राहिली.

“अगं बाई... आईच की!” मग हळूच म्हणाली, “फक्त हे बोट अर्धं होतं तिचं. कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं.”

“एवढंच ना? आत्ता करतो!” शार्दूलनं ब्रश उचलला.

“बोटाचं राहू दे, दादा. या भिंतीवरच्या गोवऱ्या कुठं ठेवल्यास?”

“कसल्या गोवऱ्या?”

“आईनं थापलेल्या. शेवटच्या. मी काढल्याच नव्हत्या. तिची साडेतीन बोटं उमटली होती त्यांवर. येता-जाता हात लावायची मी. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गावात नव्हते, म्हणून...”

शार्दूलचा हात तसाच राहिला.

“सांग तिला,” अण्णा म्हणाले.

“त्या... खरवडून काढल्या. रंग धरावा म्हणून.”

“मग?” पारूनं विचारलं.

“मग... चुलीत घालून चहा केला त्यांवर.”

पारू रडली असती तर बरं झालं असतं. ती तिथंच मातीत बसली, चित्राकडं पाठ करून.

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मला कुणी सांगितलंच नाही, अण्णा!”

अण्णांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

“माफी मागतो तिची,” म्हणत शार्दूल पुढं झाला. अण्णांनी त्याचा दंड धरला.

“थांब. आधी मला जाऊ दे... भिंत खरवडायला तुला मीच शिकवलं.”