तडतड्याच्या चोचीतली काडी

त्या रानात खेळाला बंदी नव्हती, पण खेळ करणाऱ्याला कुणी खायला घालत नव्हतं. घरटं शिवलं की दाणे मिळायचे. पिल्लाचं अंथरूण शिवलं की अळ्या मिळायच्या. पानाला पान जोडून पिल्लांना चढाय-लोंबकळायचा खेळ शिवून दाखवला तर सगळे म्हणायचे, "वा, झकास!" आणि भुर्रकन उडून जायचे.

तिथं तडतड्या नावाचा शिंपी पक्षी होता. पानाला पान जोडायला बसला की त्याचा टाका बघायला मुंग्यासुद्धा थांबायच्या. पण डोकं असं गरम, की वाऱ्यानं पान हललं तरी वाऱ्यालाच शिव्या हासडायचा. त्याला ना थवा, ना कुणी शिकवणारा. पोटासाठी तो कावळ्यांच्या कारखान्यात एकाच मापाची घरटी शिवायचा आणि मनात मात्र खेळ शिवत राहायचा. ह्या वर्षी कावळ्यांच्या मुकादमानं त्याला तोंडावर सांगितलं, "उन्हाळा संपला की कायमचा ये. न्हाईतर परत तोंड दाखवू नगंस."

उन्हाळ्याची मात्र त्या रानात एक रीत होती. जी पिल्लं अजून शिकतायत आणि ज्या पाखरांना थवा नाही, त्यांना हत्तीणबाई खेळ शिवायला उंबरं द्यायची. थोडी आधी, थोडी मधे, आणि खेळ जमला तर वर्षभर पुरतील इतकी. अटी दोनच. एक, टाके उघडे ठेवायचे. कुणीही यावं, दोरा कुठून कुठं गेलाय ते बघावं, वाटलं तर उसवून आपलं काही शिवावं. दुसरी अट शेवटच्या दिवसाची. त्या दिवशी परकी पिल्लं खेळणार, आणि खेळ करणारा समोरच्या फांदीवर चोचीत वाळकी काडी धरून बसणार, म्हणजे मधे बोलून शिकवायला नको. काडी पडली की उंबरं गेली. पिल्लं कंटाळून उडाली तरी गेली.

तडतड्यावर लक्ष ठेवायला हत्तीणबाईनं म्हातारा सुतार पक्षी नेमला होता. सगळे त्याला सुतारकाका म्हणायचे. तो रोज यायचा आणि रोज एकच विचारायचा.

"आज कोण खेळलं?"

"मी खेळलो की!"

"तू सोडून रं?"

"अजून पुरं कुठं झालंय? सात मजले होऊ द्या आधी."

"सात? दोन ठरलं हुतं न्हवं?"

"मग मला सुचतंय त्याला मी काय करू? चोच बांधून ठेवू?"

काका मान हलवून निघून जायचा. तडतड्या आणखी एक बोगदा शिवायचा. मग एक झोका. मग झोक्याखाली आणखी एक बोगदा. रोज सकाळी तो स्वतः खालून वर खेळत जायचा. तिसऱ्या पानाशी आला की त्याची शेपटी आपोआप डावीकडं उडायची आणि तो सरळ चौथ्यावर जायचा. आपण असं करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. अंगवळणी पडलं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. हत्तीणबाई आली, काका आला. तडतड्याला न्यायला कावळ्यांचा मुकादमही येऊन बसला. पाच पिल्लं आली. त्यांतली चिंगी मैना सगळ्यांत आगाऊ. तडतड्यानं चोचीत काडी धरली.

पिल्लं पहिल्यांदा बाहेर पडायच्या भोकातूनच आत शिरली. काडी करकरली. मग हेलपाटत खाली येऊन नीट वाटेला लागली. चिंगी पुढं. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान, आणि टाका सुटला. चिंगी पानातून आरपार खाली, वाळक्या पाचोळ्यात धपकन.

तडतड्याला तेव्हा आपली शेपटी आठवली. दीड महिना तो रोज त्याच सैल टाक्याला चुकवून जात होता. "अगं येडे, तिथं शेपूट मारायची असती!" हे ओरडणं त्यानं काडी चावून आवरलं. काडी मधोमध वाकली. काकानं पंखात तोंड लपवलं. मुकादम खुशीत पिसं साफ करू लागला.

पाचोळ्यातून चिंगीचं डोकं वर आलं. अंगभर पानं चिकटलेली.

"परत!" ती ओरडली.

"मला पण!" बुलबुलाचं पिल्लू ओरडलं.

मग काय! धप, धप, धप. चढायचं, तिसऱ्या पानावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि खाली. ढकलाढकली सुरू झाली, रांग लागली, रांगेवरून भांडणं झाली. चिमणीच्या पिल्लानं मधेच विचारलं, "वर काय हाय गं?"

"काय की! असंल कायतरी," चिंगी म्हणाली आणि पुन्हा पडली.

सात मजले! तडतड्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. पुढच्या धपकन आवाजाला मात्र चोचीत काडी घेऊनच तो असा हसला की फांदी हलली. काडी पडली नाही.

ऊन कलेपर्यंत एकही पिल्लू उडालं नव्हतं. उलट आणखी वीस आली होती. हत्तीणबाईनं सोंडेनं उंबरांचा ढीग त्याच्याकडं सरकवला. मुकादमाला शोधलं तर तो रांगेत उभा होता, इकडंतिकडं बघत.

"टाक आता ती काडी," काका म्हणाला.

तडतड्यानं टाकली नाही.

पुढं पावसाच्या तोंडाला, नवीन शिकणारं एक शिंपिणीचं पिल्लू ते उघडे टाके बघायला आलं. वरचे पाच मजले उसवून त्यांची पानं खाली मऊ अंथरली होती. तिसऱ्या पानातलं भोक पहिल्यापेक्षा रुंद होतं आणि त्याच्या काठावरून बारीक, नेटके टाके फिरले होते. त्या टाक्यांत एक वाळकी काडी शिवलेली होती, मधोमध वाकलेली, दोन्ही बाजूंनी चोचीचे वळ खोल उमटलेली.