आवडाबाईची नव्वदी

वेंगुर्ल्याची आवडाबाई माडांवर चढून नारळ पाडायची. आपल्यामागे लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अडू नये, म्हणून ती विमा उतरवायला गेली. विमा कचेरीतले वालावलकर साहेब छापील तक्त्याला वेदवाक्य मानत. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "माडावर चढता? मग तुमचा काय भरवसा! हप्ता दीडपट."

आवडाबाईने वाद घातला नाही. "बरं, तुमची ती म्हातारपणीची पेन्शन दाखवा."

साहेबांनी दाखवलेला आकडा अगदीच चिमूटभर होता.

"एवढीशीच?"

"अहो, तुमचं कष्टाचं शरीर! नव्वदी सहज गाठाल. इतकी वर्षं द्यायचं, तर कंपनी बेतानंच देणार."

आवडाबाईने साहेबांच्याच चहाच्या ट्रेमधली चिमूटभर साखर उचलून त्यांच्या हातावर ठेवली. "तुमच्या तोंडात साखर पडो, साहेब! आता हेच त्या विम्याच्या अर्जावर लिहा. एकाच टेबलावर मला मारता पण आणि जगवता पण?"

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेबांनी तक्ता उघडला, मिटला आणि अर्जावरचं 'दीडपट' खोडलं.

सही करून आवडाबाई म्हणाली, "नव्वदीला शहाळं घेऊन येते. माझ्या हातानं पाडलेलं!"