निम्मा खेळ

कोल्हापुरात एका व्यावसायिक फुटबॉल क्लबने मुलींची निवड चाचणी ठेवली होती. मधुरा इंगवलेने दोन गोल केले, तरी निवड करणाऱ्या सरनोबत सरांनी नाक मुरडलं. सर एकेकाळचे नावाजलेले गोलकीपर.

"बाप एवढा नामवंत फॉरवर्ड, आणि त्याच्या निम्मासुद्धा खेळ नाही तुझा! नुसत्या आडनावावर घेऊ काय गं तुला?"

गॅलरीत जमलेली अख्खी पेठ कान टवकारून पुढे वाकली.

मधुरा खाली मान घालून म्हणाली, "खरं आहे, सर. बाबांनी फायनलला तुमच्यावर सहा गोल चढवले होते. मी निम्मे, तीनच मारते. राहता उभे गोलमध्ये?"

शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. सरांनी आधी गोलपोस्टकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि मुकाट्याने यादीत तिचं नाव लिहिलं.