म्हाकूबाईनं सोडलेली वाट

घसा बसलाय, गुडघे धरलेत, तरी ‘नाना, सांगाच’ करत मला चावडीवर ओढून आणलंत. मग आता मध्येच ‘पुढं काय’ विचारायचं नाही. एकदाच सांगीन.

फार वर्षांपूर्वी, आपल्या गारमाळावर गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, इथं म्हाकूबाई नावाची घोंगडी विणणारी होती. तिचा नवरा धुळा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचा, पावसाच्या आत माघारी यायचा. एका वर्षी बाकीचे आले, तो आला नाही. म्हणाले, घाटात धुकं दाटलं, धुळा कळपासकट मागं राहिला, वाट चुकला.

बाया म्हणाल्या, ‘रड बाई, मोकळी हो.’ ती रडली नाही. मागावर बसली. म्हणाली, ‘त्याला माळ दिसंना म्हणून तो चुकला. मी त्याला माळ दाखवते.’

रोज उजाडलं की ती माळ बघायची आणि तसं सूत निवडायची. खडकाला करडं, वाळल्या गवताला तांबूस, ओघळीला पांढरं, जळक्या टेकाडाला काळं. लोक हसले. ‘म्हाके, घोंगडी पांघरायची असते गं, चरायची नसते!’

असं म्हणतात, चौथ्या महिन्यात चंडोल पक्षी त्या घोंगडीवर अंडी घालून गेला. लांडगा आला, तो माळ समजून तिच्यावर निजला. उठवतो कोण?

मग तिनं घोंगडी मावळतीच्या टेकाडावर नेऊन पसरली. आणि एक दिवस घाटाकडनं कळप आला. धुळाचाच. तीनशे मेंढरं थेट घोंगडीवर आली, माना खाली घालून चरायला लागली. सगळी मावली, असं म्हणतात. मागं धुळा नव्हता.

जाणती माणसं म्हणाली, ‘आता काठ बंद कर. उघडी घोंगडी उसवती.’ वीतभर काठ राहिला होता. म्हाकूबाई म्हणाली, ‘बंद केला तर तो आत येईल कुठनं?’

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. घोंगडीत मात्र त्या उघड्या काठाकडं जाणारी पायवाट उमटली होती. ती कुणी विणली नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासनं गारमाळची घोंगडी कुणी पुरी करत नाही. एका अंगाला वीतभर काठ सोडतात. घरचं माणूस लांब गेलं की ती दारात अंथरतात, उघडं अंग घाटाकडं करून.

माझ्याही दारात आहे. आईनं विणलेली. थोरला भाऊ सुबाना कळपामागं गेला, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. मधी मी तालुक्याला दवाखान्यात पडलो होतो, तर शेजाऱ्यानं त्या उघड्या काठाची वाट सुतळीनं शिवून टाकली. म्हणे, ‘नाना, आता कुठला येतोय सुबाना? किती झुरशील?’ टाके मी दातानं तोडले. पण अठरा दिवस वाट बंद होती. तेवढ्यात कोण दारापर्यंत येऊन माघारी गेलं असेल, कोण सांगणार?

‘चुकलं’ एवढंसुद्धा अजून म्हणाला नाही तो. बसलाय बघा तिकडं, तोंड फिरवून. कोंडीबा रुपनवर.