आंबा घाटातला पहिला मान

सरनोबतांच्या आजोबांची जुनी मोटार दोन टनांची होती. आप्पासाहेब सरनोबतांची मिजास त्याहून जड. कोल्हापुराहून रत्नागिरीच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्याला मोटार न्यायची, म्हणून ते ट्रेलर बनवणाऱ्या इलाहीमिस्त्रींकडे आले. सोबत नव्या लाल गाडीतून चार हुजरे.

मिस्त्री म्हणाले, "ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावतो. ओढायला मात्र जड जीप घ्या."

"जीप? लोक हसतील! माझी लाल गाडी हत्तीसुद्धा ओढेल. ब्रेकबिक नकोत. तू लोखंड जोड, अक्कल जोडू नकोस."

हुजरे खो खो हसले.

तीस वर्षं लोखंड वाकवलं, पण असली ताठ मान मिस्त्रींनी पाहिली नव्हती. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "बरं सरकार. मग मेळाव्यात तुमचं स्वागत करणाऱ्या हारवाल्यांना आंबा घाटाच्या पायथ्याशी उभं करा. हार आधी जुन्या मोटारीला घालायला सांगा."

"का रे?"

"ओढायला लाल गाडी पुरेल. पण उतारावर थांबवणार कोण? मागून ढकलत थोरल्या सरकारांची मोटार तुमच्या आधी खाली पोचेल. शेवटी थोरल्यांचा मान पहिला!"

तोवर चौघे हुजरे लाल गाडीतून आपापल्या पिशव्या काढत होते.